उत्तररंगात मिटणारी पापणी

जवळ सरका, मंडळी, आमच्या बुवांची गोष्ट सांगतो. त्यांच्या कीर्तनाचा पूर्वरंग खणखणीत व्हायचा. मग बुक्का लावून झाला की ते तांब्यातून दोन घोट घ्यायचे, आणि उत्तररंगात जीभ अडखळायची, डावी पापणी मिटायला लागायची. "तांब्यात पाणी नसतं," अशी कुजबुज सुरू झाली.

मी टाळकरी. एकदा तांब्या मीच भरला, तरी तेच झालं. "घरूनच पिऊन आले असतील," मी विश्वस्तांना म्हणालो. त्यांनी तिथल्या तिथे कीर्तन थांबवलं.

मागे बसलेल्या दवाखान्यातल्या सिस्टर रूथ साळवे उठल्या. सरबताचा बर्फ रुमालात गुंडाळून त्यांनी बुवांच्या पापणीवर धरला. दोन मिनिटांनी डोळा टक्क उघडला.

"दारू बर्फाने उतरते का हो?" त्यांनी मलाच विचारलं. "हा स्नायू थकण्याचा आजार आहे; गारव्याने थकलेला स्नायू थोडा वेळ सावरतो. क्वचित असा बोलण्यातून दिसतो. उद्याच मोठ्या डॉक्टरांकडे न्या, नाहीतर श्वासही थकेल."

गोळ्यांनी बुवांचा उत्तररंग परत आला. आम्ही त्यांच्या तोंडाचा वास घेत होतो, तेव्हा त्या माउलीने नीट पाहिलं होतं. आरतीला हात जोडाल तेव्हा रूथबाईंची आठवण ठेवा.