गुपचूप आलेली मोटरसायकल

मुलगा आजही मांजरासारखा घरात आला आणि आबांच्या मनात पाल चुकचुकली.

खुंटीवर हेल्मेट डोलताना दिसलं, तेव्हा कुठे आबांनी वर्तमानपत्रातून मान वर काढली.

"कधी आलास?"

"हा काय, आत्ताच. तुमच्यासमोरूनच तर आलो."

"आणि गाडी?"

"बाहेर लावलीय. का हो?"

"काही नाही," म्हणत आबांनी पुन्हा पेपरात डोकं घातलं. पण अक्षरं मुंग्यांसारखी इकडेतिकडे पळत होती.

गाडीचा मूळचा सायलेन्सर काढून मुलाने बाहेरून आणलेलं चकचकीत नळकांडं बसवलं, तेव्हापासून या घरात शांतता नव्हती. गाडी चालू झाली की कपाटातल्या बश्या एकमेकींना टाळ्या द्यायच्या. 'या घरात एक तर ते नळकांडं राहील, नाही तर मी,' इथवर आबांनी गोष्ट नेली होती. मुलगा हसून वेळ मारून न्यायचा.

आता तो आवाज गेला होता. आबांनी खरं तर मिशांना पीळ देत फिरायला हवं होतं.

पण गोम पुढेच होती. आवाज एकदम गेला नव्हता. पूर्वी दोन गल्ल्या पलीकडून यायचा, तो कोपऱ्यावरून यायला लागला. मग फाटकापासून. आणि आता नाहीच. कोणाच्या लक्षात येऊ नये अशा बेताने, थोडा थोडा कमी करत आणला होता. बापाचं ऐकून केलं असतं तर पोराने दहा वेळा बोलून दाखवलं नसतं? चांगलं काम गुपचूप करायची त्याची खोडच नव्हती.

आपलं येणं-जाणं कळू द्यायचं नसेल, तोच माणूस आवाज दाबतो.

तेवढ्यात सून खुर्चीला वळसा घालून समोर उभी राहिली. "आबा, दुधावर लक्ष ठेवा म्हटलं होतं ना? आतून इतक्या हाका मारल्या. सगळं उतू गेलं."

"मारल्या असशील," आबा म्हणाले. हल्ली तीही सराईतपणे खोटं बोलायला लागली होती.

आबांचा जन्म कापडगिरणीत, मागावर गेला होता. त्या खडखडाटात कानांचा काही उपयोग नसतो, समोरच्याच्या ओठांवरूनच बोलणं उचलायचं. चार माग पलीकडून मुकादमाने पुटपुटलेली शिवी आबा अचूक झेलायचे आणि तशाच ओठांनी परत पाठवायचे. सवय अशी मुरली होती की घरीही कोणी पाठ करून बोललं तर त्यांना तो अपमान वाटायचा.

ही विद्या त्या संध्याकाळी कामी आली. मुलगा आणि सून काचेचं दार ओढून गॅलरीत बोलत उभे होते. आबांनी पेपर नाकापर्यंत चढवला.

'मशीन यायला आठवडा लागेल,' मुलाचे ओठ म्हणाले. 'आल्यावरच सांगू. आधी कळलं तर घर डोक्यावर घेतील.'

सून काहीतरी बोलली, पण तिची पाठ होती.

'अगं, पण किती दिवस असं काढायचं?' मुलगा म्हणाला. 'मला नाही बघवत.'

धुण्याचं मशीन घरात होतं आणि चांगलं चालत होतं. दुसरं कशाला? दुसऱ्या घराला. दोघं वेगळं बिऱ्हाड मांडणार. बिनआवाजाच्या गाडीवरून सामान हळूहळू हलवणार, आणि म्हातारा एका सकाळी उठून बघतो तो खुंटीवर हेल्मेटही नाही.

एक गोष्ट आबांनी कधी कोणाला सांगितली नव्हती. ज्या आवाजाला ते शिव्या घालायचे, त्याचीच रोज वाट बघायचे. बायको गेल्यापासून, तो कोपऱ्यावर घुमला की मगच त्यांना भूक लागायची.

दुसऱ्या दिवशी गाडी तेल बदलायला गॅरेजात गेली, आणि मागोमाग आबा निघाले. शेजाऱ्यांचा कुत्रा फाटकापर्यंत धावत आला आणि आबांच्या तोंडावर चार-पाच जांभया देऊन परत गेला. एके काळी काय खाष्ट जनावर होतं. तेही आळसावलं होतं.

"वस्ताद, खरं सांगा," आबांनी मेकॅनिकला गाठलं. "हिचा आवाज कोणी दाबला?"

"कोणी नाही, आबा." वस्तादच्या मानेच्या शिरा तटतटून फुगल्या होत्या. खोटं बोलणाऱ्याच्या फुगतातच.

"मला शेंड्या लावू नका."

"शप्पथ. ती भोकाभोकांची नळी बघा, फळीवर पडलीय. ती आत घालून भोवती काचेची लोकर भरली की आवाज पडतो. तुमची कटकट नको म्हणून त्यानंच मागवली होती. मग म्हणाला, राहू द्या, आता नको."

"का नको?"

वस्ताद फडक्याने स्वच्छ हात पुन्हा पुसत राहिला. "ते त्यालाच विचारा."

"पढवून ठेवलंय तुम्हाला." आबांनी गाडीवर टांग टाकली. चावी लावलेलीच होती.

"आबा, इथे आत नको..." वस्तादचं पुढचं बोलणं आबांनी पाहिलंच नाही. ते खाली मान घालून बटण शोधत होते.

बटण दाबलं. सीट थरथरली, मागे धूर उठला, शेजारच्या पत्र्याच्या ताटातले नटबोल्ट नाचायला लागले. आबांनी मूठ पिळली. आणखी पिळली.

जेमतेम मांजराची घुरघुर.

चोरी मुद्देमालासह पकडली होती. 'आता बोला, वस्ताद' असं ऐकवायला आबा ऐटीत मागे वळले.

वस्ताद, कोपऱ्यातला वेल्डर आणि टायरवर बसलेलं गिऱ्हाईक, तिघांनीही डोळे मिटून दोन्ही हात कानांवर गच्च दाबून धरले होते.