दोराचं दुसरं टोक

"नांगराला कुणी हात लावायचा नाही!" खानोलकर मास्तरांनी बायकोला बजावलं. निवृत्तीनंतर घेतलेल्या शिडाच्या बोटीवर त्यांनी पुस्तकात बघून नांगराच्या दोराचं वेटोळं पेटीत रचलं होतं.

वत्सला मच्छीमाराची लेक. दोराचं दुसरं टोक बोटीला बांधलेलंच नाही, हे तिनं लगेच हेरलं. सांगायला गेली, तर "हे तुझ्या बाबांचं होडकं नाही," असं ऐकावं लागलं. मग मास्तर चहा पीत बसले असताना तिनं गुपचूप पेटीत हात घातला.

धक्क्यावरची मंडळी बघताहेत म्हटल्यावर मास्तरांनी ऐटीत नांगर फेकला. दोर सळसळत सुटला तो सुटतच राहिला आणि टोकासकट पाण्यात गेला. बोट वाहू लागली. वत्सलानं शांतपणे इंजिन सुरू केलं.

इतक्यात दोराच्या टोकाला बांधलेला, मच्छीमार जाळ्याच्या खुणेसाठी लावतात तसा तरंगता पिवळा बोया पाण्यावर उसळला. धक्क्यावरून कुणीतरी त्यावरचं नाव मोठ्यानं वाचलं, "भिकाजी तांडेल! मास्तर, नांगर सासऱ्यांचा होय?"

"बोयावर ज्याचं नाव, नांगर त्याचा," वत्सला गोड हसली. "आता बाबांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही हं!"