समाधानी दाता

समुपदेशन केंद्रात बोलायला माणूस सुनीती उबाळेला परवडणारा नव्हता. सवलतीत मिळत असे ती समाधानी दात्याच्या आतड्यातल्या जंतूंची, त्याचे समाधान घेणाऱ्यात उतरवणारी गोळी. गोळ्या सुरू झाल्यावर सुनीतीला शांत झोप लागू लागली. मात्र काल मुलगी तापाने कण्हत असताना तिला केवळ कंटाळा आला होता.

“हे जंतू कुणाचे?” तिने आज केंद्रातल्या तंत्रज्ञाला विचारले.

“घरच्याच माणसाचे देतो, ताई. लवकर मानवतात.”

शेजारी बसलेला नवरा हसला. “माझेच गं. म्हणत होतो ना, माझ्यासारखी राहायला शीक.”

ज्याच्या बेपर्वाईबद्दल कुणाशी तरी बोलावे म्हणून ती इथे आली होती, त्याचीच बेपर्वाई तिच्या पोटात वाढत होती. सुनीती बेसिनवर वाकली. ओकारी यायला हवी होती. आली ती जांभई.