फुटपट्टीचा उतार

डॉक्टरीणबाईंनी चिमटा घेतला, फुटपट्टीच्या मागच्या पायाचं बोट त्यात धरलं आणि दाबलं. असं दाबलं की नुसतं बघणाऱ्यालाही कळ यावी. आणि फुटपट्टी आपली टेबलावर पसरून सुताराच्या शर्टाचं बटण चाटत होती.

"कळलंच नाही तिला," डॉक्टर म्हणाल्या. दुसरा पाय धरला. पुन्हा तेच.

फुटपट्टी म्हणजे कुत्री. ती छोटी डॅशहुंड असते ना, पाय कुणीतरी कापून घेतल्यासारखे आणि पाठ संपतच नाही, ती. नाव सुतारानेच ठेवलेलं, आणि येईल त्याला सांगायचा, खिशात मावत नाही म्हणून पायाने चालवतो.

"मागचं कधीपासून ओढतेय?"

"परवापासून," सुताराची मुलगी म्हणाली. "मी नव्हते घरी. बाबांना वाटलं पाय मुरगळला असेल, पडून राहिली की होईल बरी."

"परवाच आणायचं होतं गं. तेव्हा चिमट्याने ओरडली असती तर ऑपरेशनचं तरी बोलता आलं असतं. आता पार नस चेपलीय मणक्यात." डॉक्टरांनी चिमटा बाजूला ठेवला. "उड्या मारते?"

"छे," सुतार म्हणाला. "उतार केलाय ना तिला. पलंगाला लावून. सागवानी."

मुलगी म्हणाली, "त्यावरून जात नाही ती. घसरते."

"कशाने?"

"पॉलिश केलंय बाबांनी."

खरं तर पिल्लू देणाऱ्या बाईंनी आधीच बजावलं होतं. हिची पाठ नाजूक, उडी मारू द्यायची नाही, पलंगाला उतार करा आणि त्यावर काहीतरी खरखरीत ठोका, जुना गालिचा, पायपुसणं, काहीही. आणि सुतार केवढा दुखावला होता. सागावर पायपुसणं? बिनपॉलिशचं काम त्याने कधी परक्याच्या घरात ठेवलं नव्हतं, ते स्वतःच्या घरात ठेवणार? लाखेचे हातावर हात मारले, इतके की वरचा फिरता पंखा त्यात दिसायला लागला. फुटपट्टी एकदाच चढली त्यावर, आणि पोटावर घसरत खाली आली. सगळे हसले. पलंगावरची सुद्धा हसली, अर्ध्या तोंडाने.

पलंगावरची म्हणजे सुताराची बायको. झटका आला तेव्हापासून ती तिथेच. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं, राहिला तो डावा हात, आणि तो दिवसभर फुटपट्टीच्या पाठीवर. दारावरची बेल वाजली की फुटपट्टी उताराच्या शेजारून धाडकन खाली, भुंकून झालं की धाडकन वर. रोज. उतार आपला चकाकत उभा.

"काका, स्पष्टच सांगते," डॉक्टर म्हणाल्या. "ही आता चालणार नाही. लघवी पण आपल्याआपण होणार नाही, पोट दाबून काढावी लागेल. पुसायचं, कोरडं ठेवायचं, कूस बदलायची, नाहीतर जखमा होतात. रोज, सणवार नाही, सुट्टी नाही. बऱ्याच जणांना नाही झेपत. मग ते म्हणतात इंजेक्शन द्या, सुटू दे तिला. त्यात काही चुकीचं नाही."

सुतार फुटपट्टीचे कान नीट करत होता. एक सरळ केला की दुसरा दुमडायचा.

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "आईचं करता करताच कंबर धरतेय तुमची. त्यात आणि हिचं? देऊ देत त्यांना. तिला काही कळणार पण नाही."

"आणि घरी जाऊन आईला काय सांगू?"

"सांगू काहीतरी."

"काय सांगू? उठता येत नव्हतं म्हणून?"

मुलीने तोंड फिरवलं. डॉक्टर उगाचच हात धुवायला गेल्या, आणि धुतच राहिल्या.

"बाई," सुतार त्यांच्या पाठीला म्हणाला, "दाबायचं कसं तेवढं दाखवा. बाकीचं येतं मला."

"आधी केलंय का कुठल्या कुत्र्याचं?"

"कुत्र्याचं नाही."

त्यांनी दाखवलं. सुताराचे हात रंध्याने राठ झालेले, पण पहिल्याच खेपेला बरोबर जागा सापडली. टेबलावर ओल पसरली आणि फुटपट्टी मागे वळून बघायला लागली, की हे कुणाचं.

घरी आल्यावर त्याने तिला उचलून पलंगावर ठेवलं. बायकोचा डावा हात लगेच आला पाठीवर. पाठीवरून कंबरेवर, कंबरेवरून मागच्या पायांवर. तिथे थांबला. एक पाय तिने उचलून सोडला, तो पडला तसाच पडून राहिला. तिने नवऱ्याकडे बघितलं. बघतच राहिली.

सुताराने उतार उचलला आणि बाहेर नेला.

मुलगी चहा घेऊन आली तर तो पायरीवर बसून सँडपेपर मारत होता. लाकडाच्या रेषांना आडवा. कुठल्याही सुताराला विचारा, आडवा हात मारला की काम नासतं, ओरखडे उठतात, आणि याने तर हाताखालच्या माणसांना त्यावरून शिव्या घातल्या होत्या. भुसा त्याच्या मांडीवर, चपलांवर, सगळीकडे.

"बाबा, आता कशाला?"

"घसरते ती," तो म्हणाला. फुंकर मारली, तळवा फिरवून बघितला. अजून गुळगुळीतच होतं.