आठनंतरची शांतता

सांगताना मान खाली जाते, पण सांगतो. माझी झोप नीट व्हावी म्हणून मी घराला शिस्त लावली: आठ वाजले की दिवे मंद, टीव्ही बंद, बोलायचं तेही कुजबुजत. पहिल्या दिवशी लेक मोठ्यानं पाढे म्हणायला लागली, तेव्हा मी फक्त डोळे वटारले. तेव्हापासून घर कसं चिडीचूप!

महिन्याभरात कामाचा असा झपाटा वाढला की साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. छाती फुगवून घरी आलो, तर वॉचमन जिन्यात शिडीवर चढून दिवा बदलत होता.

"मोठा लावतोयस का रे?" मी सहज विचारलं.



"हो साहेब. तुमची छोटी रोज आठनंतर या पायरीवर अभ्यासाला बसते ना, डोळे बिघडायचे पोरीचे."