धूळ न लागलेला विजय

"ती राहिलेली कुस्ती आज होऊनच जाऊ दे," म्हातारा दोर्किस म्हणाला आणि त्यानं अंगावरचं वस्त्र काढून दगडी बाकावर टाकलं.

तेलेसोन वस्ताद हातातली दोन टोकांची दुबेळक्याची काठी टेकत एक पाऊल मागं सरले. सिक्यॉनच्या या तालमीत ते तीस वर्षं मल्ल घडवत होते आणि तीस वर्षं रोज सकाळची कसरत त्यांच्याच विजयगीतावर होत होती. बासरीवाला सिमोस सूर धरायचा. वस्ताद खड्या आवाजात कथा लावायचे. नेमेयाच्या क्रीडोत्सवाचं मैदान. मुंगीला वाट नाही अशी गर्दी. समोर सात मल्ल, एकेक बैलासारखा. वस्तादांच्या अंगाला आईनं चोपडलेलं गंधक, त्याचा वास असा सुटलेला की झेउसदेवाची वीज शेजारीच पडली असावी! त्यांनी मैदानात पाऊल टाकलं मात्र, एकामागून एक सातही मल्ल माघारी वळले. इथं वस्ताद काठी आपटायचे आणि चाळीस गळ्यांतून धृपद उठायचं, "धूळ न लागता जिंकला! धूळ न लागता जिंकला!" ते ऐकताना वस्तादांचे डोळे रोज भरून यायचे. भिंतीवरचा विजेत्याचा रानअजमोद्याचा मुकुट वाळून पार गवत झाला होता, पण त्याला रोज धूप मिळायचा.

एक गोष्ट मात्र गीतात नव्हती. वस्तादांनी उभ्या जन्मात भर मैदानात एकही कुस्ती केली नव्हती. नेमेयात मिळालेल्या नावाला उगाच बट्टा नको, म्हणून ते परत आले ते शिकवायलाच लागले.

आणि आज तेगेआहून हा पाहुणा उगवला होता. त्या सातांतला एकटा उरलेला.

"अरे दोर्किस, वय काय आपलं!" वस्ताद हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले.

"म्हणून तर आलो. तीस वर्षं मनात सलतंय बघ. नेमेयाला पायी गेलो, अन् न लढता घरी आलो. बायको अजून टोमणे मारते."

"माझा गुडघा जरा…"

"वस्ताद, काल त्याच गुडघ्यानं उडी मारून दाखवलीत की!" मागून कुणीतरी ओरडलं.

"शिवाय आज हर्मेसदेवाला नैवेद्य दाखवायचा राहिलाय."

"मघाशीच दाखवला," सिमोस शांतपणे म्हणाला. तीस वर्षं एकच चाल वाजवून तो कंटाळला होता.

मग कसली सुटका! पोरांनी हौसेनं वस्तादांच्या अंगाला तेल चोळलं. हौद्यातली वाळू भुरभुरली. कुणी न सांगता गीत सुरू झालं. वस्ताद हर्मेसच्या मूर्तीपुढं क्षणभर थांबले. "देवा," ते मनात म्हणाले, "तुझ्या दारात रोज गायलो. थोडं फुगवून गायलो असेन, पण जीव ओतून गायलो. या लेकरांसमोर माझी पाठ टेकवू नकोस रे बाबा."

ते हौद्यात उतरले. दोर्किस दोन्ही हात पुढं करून आला आणि हातभर अंतरावर थबकला.

गाणं एकदम थांबलं. याही वेळी माघार घेतो की काय! पोरं श्वास रोखून बघू लागली. वस्तादांना धीर आला. त्यांनी छाती पुढं काढली.

दोर्किसनं त्यांच्याभोवती एक फेरी मारली. डोळे बारीक करून कोपर पाहिलं. काखेत डोकावला. मग लांबूनच म्हणाला, "बोटं फाकव बघू."

वस्तादांनी फाकवली. दोर्किसनं वाकून एकेक बेचकं तपासलं. आणि त्याचा चेहरा असा फुलला की काय सांगावं! त्यानं धावत येऊन वस्तादांना कडकडून मिठी मारली.

"गेली की रे तुझी खरूज!"