खिशावरचा बिल्ला

आमच्या गावचं चॅनल नऊ न्यूयॉर्कच्या मोठ्या नेटवर्कच्या मालिकांवर जगायचं, आणि ते नेटवर्क आता तिसऱ्यांदा बदलत होतं. हवामान सांगणाऱ्या ऑर्व्हिलने आपला कोट बायकोच्या मांडीवर आणून टाकला.

"लॉरीन, या बिल्ल्याचं काहीतरी कर. पहिल्या नेटवर्कने आपल्याला परत घेतलंय."

"आपल्याला सोडून गेलेलं, तेच?"

"तेच. त्यांचे नवे बिल्ले पुढच्या आठवड्यात येणार, आणि बातम्या मात्र आज संध्याकाळपासून त्यांच्या नावाने. बोडक्या खिशाने पाऊस सांगू का मी?"

लॉरीनने कात्री घेतली. खिशावरचा हिरवा कापडी बिल्ला उसवला, तर खाली मधल्या नेटवर्कचा पिवळा निघाला. तोही उसवला. त्याच्याखाली पहिल्या नेटवर्कचा निळा तारा होता, रंगसुद्धा न उडालेला.

ऑर्व्हिल बघतच राहिला. "म्हणजे जुने तू काढलेच नव्हतेस? तरीच म्हटलं, हा खिसा उशीसारखा का फुगलाय! आळशी कुठची."

"आळशी म्हण हवं तर," कोटावरचे दोरे झटकत ती म्हणाली. "पण गेलेलं माणूस परत येतं कधीकधी. तू त्या ओमाहावालीकडे राहायला गेलास ना, तेव्हा दारातल्या टपालपेटीवरच्या तुझ्या नावावरसुद्धा मी नुसती चिकटपट्टीच लावली होती."